एल्सवर्थचं इंजिन

५ ऑक्टोबर १९९७, रविवार. फिंतास, कुवेत

नवी नोकरी म्हणून नवी वही. रिफायनरीतून निवृत्त होऊन महिना होत आला. पद्मजाचं म्हणणं, मी आता घरातल्या नळांची तपासणी सुरू केली आहे. खोटं नाही. स्वयंपाकघरातला नळ गळतच होता, बाई मान्य करत नव्हत्या एवढंच.

मी आयुष्यभर इन्स्पेक्शनमध्ये काढलं. पाइप आतून झिजलाय का, टाकीच्या सांध्याला चीर आहे का, पुरवठादाराने भलत्याच कुणाचा पंप स्वतःची पाटी लावून आपल्या गळ्यात मारलाय का, हे बघायचं. बाकीचे लोक कामाचा पगार घेतात, मी संशयाचा घेतला. पण माझ्या हाताखालून गेलेली एक टाकी कधी फुटली नाही.

नवे मालक बू यूसुफ. सत्तरी ओलांडलेले, मोठ्या घराण्यातले. वडिलांचा मोत्यांचा व्यापार मुंबईला होता, त्यामुळे यांचं बालपण तिकडे गेलं आणि माझ्याशी ते झकास मुंबईची हिंदी बोलतात. शुवैखमध्ये गॅरेजांच्या रांगेमागे त्यांनी एक मोठा हॉल बांधलाय. त्यात जुन्या मोटारी मांडल्या आहेत. फेब्रुवारीत राष्ट्रीय दिनाला तो लोकांसाठी उघडायचा. माझं काम म्हणजे एकेक गाडी तपासायची आणि तिच्यापुढच्या पाटीसाठी मजकूर लिहायचा: कोणत्या कारखान्याची, तो कारखाना कसा वर आला, कसा बुडाला. बुडाला हे जवळजवळ सगळ्यांच्या बाबतीत लिहायचंय.

खरं सांगायचं तर मला मोटारींपेक्षा इकाम्याची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याची, गरज होती. लेकीची, शर्वरीची, बारावी मार्चमध्ये आहे. कफील, म्हणजे जामीन राहणारा मालक, नसता तर आम्हा तिघांना ऐन वर्षात पुण्याला जावं लागलं असतं. बू यूसुफनी मला घेतलं म्हणून राहता आलं. तेव्हा आपण उपयोगी आहोत हे दाखवून देणं आलंच.

हॉलमधली सगळ्यात लाडकी गाडी १९२३ची एल्सवर्थ. वडिलांनी मुंबईत घेतली आणि लाकडी गलबतावर चढवून इथे आणली. तिच्या पाटीवर एक ओळ जास्तीची लिहायची आहे: इराक्यांच्या ताब्यातल्या त्या महिन्यांत ही गाडी शत्रुघ्न घाडी या मेकॅनिकने वाचवली. बू यूसुफ हे मला पुन्हा पुन्हा सांगत होते. संग्रहालयाच्या पाटीवर मेकॅनिकचं नाव! असो, मालकाची मर्जी.

११ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

हॉलला लागून असलेल्या गॅरेजचं शटर अर्धं खाली आणि आतून बंद. मी ठोठावलं तर उघडायला वेळ लागला. आत उदबत्तीचा वास. पाने, हातोड्या, जॅक फडक्यावर ओळीने मांडलेले, त्यांना हळदकुंकू. एल्सवर्थच्या बॉनेटला झेंडूची माळ.

हा शत्रुघ्न घाडी. सिंधुदुर्गातल्या कुठल्याशा वाडीचा, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी लहान असेल. अंगाने किरकोळ, बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघतो. दार का लावलं विचारलं, तर म्हणाला, मॅनेजर अशरफसाहेबांना पूजाबिजा आवडत नाही. मग मला बोरीची पानं देऊन म्हणाला, सोनं घ्या साहेब, आपटा हय मिळणा नाय.

मी घेतलं. पण एवढ्या गाड्या असताना माळ एकाच गाडीला का, हेही विचारलं. तेव्हा त्याने गोष्ट सांगितली. इराकी आले, बू यूसुफचं कुटुंब सौदीला गेलं, गॅरेजमधले बाकीचे सगळे अम्मानमार्गे मुंबईला गेले. हा एकटा राहिला. एल्सवर्थची चाकं काढली, तिला मागच्या अंगणात भंगाराखाली गाडून टाकली आणि तिथेच राहिला. मधूनमधून शिपाई यायचे, बऱ्या गाड्या घेऊन जायचे.

गोष्ट छान आहे. साक्षीदार मात्र एकही नाही. ते सगळे महिने एक गाडी, एक माणूस आणि वर भंगार. बू यूसुफ भावनेच्या भरात पाटीवर नाव घालायला निघालेत, पण तपासणी कोणी केली?

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. पाडवा

सकाळी शत्रुघ्न फराळाला आला. मी बोलावलं नव्हतं, पद्मजाने फोनवर बोलावलं होतं. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं. दोघांची जी मालवणी सुरू झाली, ती मला निम्मी कळेना. त्याच्या मिरकाबच्या खोलीत आठजण राहतात, दर शुक्रवारी भजन करतात, कोकम गावाहून कोण आणतं, असलं काहीतरी. पद्मजा खूप हसत होती. माझ्या बोलण्यावर ती अशी कधी हसली ते आठवत नाही.

त्याच्या मुलीचं, समिधाचं, वैशाखात लग्न आहे. पाटी लागली की तिच्यासमोर उभं राहून फोटो काढायचा आणि घरी पाठवायचा, एवढी एक इच्छा आहे म्हणाला. गावात लोक विचारतात, इतकी वर्षं तिकडे काय केलंस. हे सांगतानाही नजर माझ्या चपलांवर.

तो गेल्यावर शर्वरी म्हणाली, "ही इज सो स्वीट, बाबा." मी म्हटलं, रिफायनरीला खोटे व्हॉल्व्ह विकणारा माणूसही दर दिवाळीला मिठाई पाठवायचा. तिने डोळे फिरवले आणि खोलीत गेली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बू यूसुफनी विलायतेहून जाडजूड पुस्तकं मागवून दिली आहेत. वाचता वाचता गुंगून गेलो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्याच्याकडे लेथ आणि एखादा श्रीमंत मेहुणा होता तो मोटारीचा कारखाना काढत होता. कोणी आधी सायकली करायचा, कोणी बग्ग्या, कोणी शिवणयंत्रं. एकट्या अमेरिकेत असे शेकड्यांनी झाले. मग फोर्डने चालत्या पट्ट्यावर गाड्या काढायला सुरुवात केली, किमती उतरत गेल्या आणि हे छोटे एकेक करून आडवे झाले. उरले ते मंदीने नेले. आता कुणाचं नावही कुणाला ठाऊक नाही.

एल्सवर्थ ओहायोतला सायकलवाला. १९०९ साली पहिली मोटार, लढाईनंतर भरभराट, मुंबईपर्यंत एजंट, आणि १९२६ साली कुलूप. का, ते पुस्तकात नीट दिलेलं नाही. नुसतं 'अडचणींमुळे' असं म्हटलंय. अडचणी काय आभाळातून पडतात? चालता कारखाना असा बसत नाही. कोणीतरी आतून पोखरलं असणार.

त्यांची एक जाहिरात मात्र छापली आहे: 'एल्सवर्थचं सहा सिलिंडरांचं जगप्रसिद्ध इंजिन.' दिवे एकाचे, टायर दुसऱ्याचे, मॅग्नेटो तिसऱ्याचा, हे त्या काळी सगळेच करत. पण इंजिन म्हणजे गाडीचा जीव, ते ज्याचं त्याचं असणारच.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सापडलं.

आज सुट्टी. शत्रुघ्न मिरकाबला भजनात. मी किल्ली घेऊन एकटाच हॉलवर गेलो. एल्सवर्थचं बॉनेट उघडलं. इंजिनाच्या कुशीला हिरव्या रंगाचे थरावर थर. इतका रंग कोणी कशाला देईल? रंग देतात ते झाकायला, हे मला शिकवायला नको. थिनर लावून हलकेच खरवडत गेलो, तर खालून ओतीव अक्षरं आली: कॉर्बेट मोटर वर्क्स.

एल्सवर्थ नाही, कॉर्बेट!

दोनदा वाचलं. म्हाताऱ्या वयात इतका आनंद बरा नव्हे, पण झाला खरा. रिफायनरीत एखाद्या यंत्रावर भलत्याच कारखान्याचं नाव निघालं, तर त्याचा अर्थ एकच असतो. अस्सल माल काढून कोणीतरी विकला आहे आणि जागेवर दुसरं बसवलं आहे. आणि या गाडीला हात लावायला एकाच माणसाला सवड मिळाली होती.

अक्षरांवर पुन्हा ग्रीस फासून ठेवलं. घरी कुणाला बोललो नाही.

१४ डिसेंबर, रविवार

शत्रुघ्नला सहज विचारल्यासारखं विचारलं, एल्सवर्थचं इंजिन कधी उतरवलं होतं का रे? मला वाटलं नाही म्हणेल. तर लगेच हो म्हणाला. ताब्याच्या दिवसांत त्याने ते काढून अंगणातल्या कोरड्या पाण्याच्या टाकीत सोडलं होतं. गाडी सापडलीच तर कुणाला चालवून नेता येऊ नये म्हणून. सैन्य गेल्यावर पुन्हा वर काढून बसवलं.

स्वतःच्या तोंडाने सांगितलं. इंजिन गाडीपासून वेगळं होतं, महिनोन् महिने. कुठलाही लपवाछपवीचा भाव चेहऱ्यावर नव्हता, म्हणजे किती तयारीचा असेल बघा.

हिरवा रंग कोणी दिला विचारलं. म्हणाला, तो पहिल्यापासूनचा, मालकांनी घासू दिला नाही. मालकांच्या गळ्यात घालणं सोपंच आहे.

६ जानेवारी १९९८, मंगळवार

रमजान चालू आहे. दुपारी दोनला सगळं सामसूम. पद्मजाला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण जेवताना ती त्याच्यासाठी लाडू बांधून द्यायच्या गोष्टी करायला लागली, मग राहवलं नाही.

ती ताट बाजूला सारून बसली. म्हणाली, "तुम्ही त्याला एकदा तोंडावर विचारा ना. हे नाव कसं आलं, एवढंच विचारा."

मी म्हटलं, टाकीला चीर पडलीय का हे टाकीला विचारून कळत नाही. ती म्हणाली, तो माणूस आहे. मी म्हटलं, म्हणूनच. विचारलं की तो सावध होणार, दोन साक्षीदार उभे करणार. ती त्याची बाजू इतकी का घेते, हे मी विचारलं नाही. गावचा माणूस एवढ्यापुरतं असेल. त्याच्या गावच्या दुकानाचा फोन नंबर तिच्या डायरीत आहे, हेही मला आजच कळलं.

१८ जानेवारी, रविवार

अशरफला सांगून टाकलं. तो मूळचा अलेक्झांड्रियाचा, हॉलचा सगळा कारभार त्याच्याकडे. अतिशय समंजसपणे ऐकून घेतलं. म्हणाला, मला या माणसाबद्दल आधीपासूनच शंका होती, तुमच्यासारखा जाणकार आला म्हणून उघडकीला आलं. बू यूसुफच्या कानावर घालायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं, ईद झाल्यावर.

गप्पांत कळलं, त्याचा मेहुणा कमाल कैरोहून यायचाय, तोही मोटारींचाच मेकॅनिक आहे. चांगली गोष्ट आहे, गॅरेज रिकामं राहायला नको.

मला आजवर या देशात कुणी जाणकार म्हटलं नव्हतं. साहेब म्हणायचे, इंजिनियर म्हणायचे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज झालं. बू यूसुफच्या दिवाणियात, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत. ते, अशरफ, मी आणि दाराजवळ उभा शत्रुघ्न. मी जाहिरातीचं पान दाखवलं, इंजिनावरच्या अक्षरांचा फोटो दाखवला. नीट, क्रमाने, जसं आयुष्यभर दाखवत आलो तसं. गाडी एल्सवर्थची, इंजिन कॉर्बेटचं, मधल्या काळात इंजिन याच्या एकट्याच्या ताब्यात होतं.

बू यूसुफ बराच वेळ फोटो बघत बसले. मग हिंदीत शत्रुघ्नला म्हणाले, "तू बोल. जो बोलेगा मैं मानेगा."

मला वाटलं आता तो रडेल, देवाची शपथ घेईल. त्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. पहिल्यांदाच त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "साब पढ़ा-लिखा आदमी है, अरबाब. साब बोलता है तो..." आणि पुढे काही नाही. पुन्हा खाली बघायला लागला.

हा टोमणा मला उद्देशून होता हे उघड आहे. बू यूसुफनी आणखी दोनदा विचारलं. तो गप्प. निरपराध माणूस असा गप्प बसतो का? पोलिसात द्यायचं नाही, इकामा रद्द करायचा आणि तिकीट काढून घरी पाठवायचं, असं ठरलं. बू यूसुफ उठून आत गेले ते परत बाहेर आले नाहीत.

माझं म्हणणं सिद्ध झालं. तरी जेवण गेलं नाही, रमजाननंतर पित्त वाढतं बहुतेक. मी रोजे धरत नाही ते सोडा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शत्रुघ्न गेला. निघण्याआधी गॅरेजच्या किल्ल्या माझ्याकडे आणून दिल्या, अशरफकडे नाही. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलाय. थंडीत एल्सवर्थचं रेडिएटर रिकामं ठेवा, एवढंच म्हणाला. मी पाठ फिरवून कागद चाळत राहिलो.

इथे शहरात सध्या वेगळीच धावपळ आहे. बगदाद संयुक्त राष्ट्रांच्या तपासनिसांना आत सोडत नाही म्हणून अमेरिकेची जहाजं येऊन उभी राहिली आहेत. लोक खिडक्यांना चिकटपट्ट्या लावतायत, पाण्याचे डबे भरतायत, मास्क शोधतायत. तपासनिसांना अडवणारा काहीतरी लपवतोच, या बाबतीत माझं मत पक्कं आहे. विमानतळावर आपल्या लोकांची ही गर्दी. पद्मजा म्हणते, बरं झालं, त्याच्या गावाला वाटेल लढाईच्या भीतीने आला. तिला हे कसं सुचलं विचारलं, तेव्हा कळलं, ती शेजारणीच्या गाडीने विमानतळावर जाऊन आली. समिधासाठी साडी दिली. मला न सांगता. संध्याकाळपासून घरात फक्त टीव्ही बोलतोय.

पाटीच्या मजकुरातून ती ओळ काढली. मजकूर आता नीट चौकोनात बसतो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

हे लिहायचं की नाही म्हणून दुपारपासून वही उघडतोय आणि मिटतोय.

विम्यासाठी गाड्यांची किंमत ठरवायला लंडनहून एक म्हातारा आलाय, हॉलिस. लढाईच्या भीतीने येणार नाही वाटलं होतं, पण आला. आयुष्यभर जुन्या गाड्यांचाच व्यवहार केलेला. एल्सवर्थपाशी आला, बॉनेट उघडलं. मी तयारीतच होतो. म्हटलं, या गाडीची एक खेदाची गोष्ट आहे, इंजिन मूळचं नाही. आणि ग्रीस पुसून अक्षरं दाखवली.

तो चष्मा कपाळावर चढवून वाकला आणि लहान मुलासारखा हसला. म्हणाला, पण हेच तर मूळचं. एल्सवर्थने जन्मात कधी इंजिन बनवलं नाही. त्या काळचे निम्मे कारखाने नुसते जोडारी होते. इंजिन एकाकडून, गिअर दुसऱ्याकडून, आस तिसऱ्याकडून आणायचे, वर स्वतःचं नाव लावायचे आणि जाहिरातीत सगळं आपलंच म्हणून छापायचे. इंजिनावरचं दुसऱ्याचं नाव झाकायला कारखान्यातच जाड हिरवा रंग द्यायचे. पुढे कॉर्बेटला एका बड्या मोटारवाल्याने विकत घेतलं, त्याने बाहेर इंजिनं द्यायचं बंद केलं, आणि एल्सवर्थ वर्षभरात बसला.

मी विचारलं, खात्री आहे?

"कॉर्बेटचं नसतं," तो म्हणाला, "तर मी ही गाडी बनावट ठरवली असती."

त्याने नंबरही ताडून पाहिले. जुळले. ज्या अक्षरांवरून मी माणसाला चोर ठरवलं, ती अक्षरं तो प्रामाणिक असल्याची होती. मी हॉलमधून बाहेर आलो आणि गॅरेजमागच्या अंगणात त्या टाकीच्या कडेवर बसून राहिलो. टाकी खोल आहे. एकट्या माणसाने साखळीने एवढं इंजिन आत कसं सोडलं असेल आणि वर कसं काढलं असेल कोण जाणे. ती टाकी मी एवढ्या महिन्यांत एकदाही बघायला आलो नव्हतो. म्हणे इन्स्पेक्टर!

२१ फेब्रुवारी, शनिवार

अजून कुणाला सांगितलेलं नाही. शर्वरीचा पहिला पेपर दहाबारा दिवसांवर आलाय. बू यूसुफ चिडले आणि इकामा काढून घेतला तर? सांगायचंच आहे, पण परीक्षा झाल्यावर सांगितलं म्हणून काय बिघडतं? शत्रुघ्न तर गेलाच आहे.

हे वाचून पाहिलं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी त्याला काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे.

गॅरेजमध्ये कमाल रुजू झाला. चुणचुणीत आहे. अशरफ त्याचा मेहुणा, हे मी जानेवारीतच या वहीत लिहून ठेवलेलं आज दिसलं. तेव्हा ते मला चांगली गोष्ट वाटलं होतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लढाई टळली, समझोता झाला. काल हॉल थाटात उघडला. बू यूसुफनी पाहुण्यांना एल्सवर्थ दाखवताना सांगितलं, ही अल्लाने वाचवली. पाटीवर दुसरं काही नव्हतंच.

आज सकाळी जाऊन सांगितलं. शर्वरीच्या परीक्षेचा विचार बाजूला ठेवला म्हणण्यात अर्थ नाही, तो डोक्यात होताच, तरी गेलो. बू यूसुफनी चहा पिऊन होऊ दिला. मग म्हणाले, हॉलिसने त्यांना त्याच दिवशी सांगितलं होतं.

"मला वाटलं तू येतोस की नाही बघू," असं काहीतरी हिंदीत म्हणाले. माझी मान वर होईना. म्हटलं, त्याला परत बोलवा. ते म्हणाले, बोलावता येईल, अशरफ कुरकुरेल ते मी बघून घेईन. पण एक सांग. मी त्याला विचारलं होतं. तीनदा विचारलं. बोलला असता तर मी मानणार होतो. "सच्चा आदमी चुप क्यों रहा?"

माझा इकामा काढला नाही. मेपर्यंत राहा म्हणाले. ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं, आणि वाटलं याची शरम वाटली.

येताना गाडीत तोच प्रश्न डोक्यात. इंजिन तर बरोबर निघालं, मग तो गप्प का राहिला? काहीतरी असल्याशिवाय माणूस गप्प बसत नाही. दुसरं काही विकलं असेल? भंगार? इतर गाड्यांचे सुटे भाग? शिपायांशी काही देवघेव? फिंतासच्या सिग्नलला लक्षात आलं की मी परत सुरू झालोय. पण प्रश्न खरा आहे, आणि उत्तर एकाच माणसाकडे आहे. पद्मजा म्हणाली होती तसं, विचारायचं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पद्मजाने डायरी उघडून समोर ठेवली. गावातल्या दुकानाचा नंबर. दुकानदार म्हणाला, थोड्या वेळाने परत करा, बोलावून आणतो. परत केला तेव्हा शत्रुघ्न धापा टाकत होता. वाडीतून पळत आला असणार. आधी त्यानेच विचारायला सुरुवात केली. लढाई झाली नाही ना, शर्वरीताईंचा अभ्यास कसा चाललाय, रेडिएटर रिकामं आहे ना.

मी म्हटलं, शत्रुघ्न, त्या दिवशी बू यूसुफ विचारत होते, तेव्हा गप्प का राहिलास?

त्याने आधी दम घेतला. मग सांगायला लागला, आणि या वेळी मला प्रत्येक शब्द कळला.

"काय सांगतलंय, साहेब? इंजिन टाकीत ठेवल्यार मधीच माका ताप भरललो. काय दिवस उठाकच गावला नाय, टाकीकडे जावकच नाय. तुमी सांगलात, इंजिन दुसऱ्याचा आसा. तेवा माका वाटला, त्याच दिवसांत कोणी तरी बदलल्यान असतला. माका ता इंग्रजी वाचूक येणा नाय. तुमी शिकलली माणसा, तुमी कित्याक खोटा बोलशात? अरबाबांची वस्तू माझ्या हातातसून गेली. मग त्यांका काय तोंड दाखवू?"

म्हणजे त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता. त्या खोलीत माझं म्हणणं मनापासून खरं मानणारा तो एकटाच होता.

मी सांगितलं. एल्सवर्थवाले इंजिन बनवतच नव्हते, कॉर्बेटकडूनच घ्यायचे, नंबर जुळले, लंडनच्या माणसाने तपासलं. चूक माझी झाली. बू यूसुफ परत बोलावतायत. हे सगळं मी भराभरा बोलून टाकलं.

"म्हणजे कोणी बदलूक नाय?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"ता आपलाच इंजिन?"

"तेच. तुम्ही टाकीत ठेवलेलं."

रिसीव्हर कुठेतरी आपटल्याचा आवाज आला. तो दुकानातून बाहेर कुणालातरी ओरडून सांगत होता. समिधाची आई मागोमाग आली असावी. "आयकलंस गो? इंजिन आपलाच होता! कोणी नेवक नाय!" मग ती काहीतरी म्हणाली, मग दुकानदार काहीतरी म्हणाला, मग सगळेच हसले. पद्मजा माझ्या शेजारी उभी राहून ते ऐकत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

तो परत फोनवर आला. मी वाट बघत होतो. आता रागावेल, आता विचारेल, साहेब, मग मला का घालवलंत. दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. माझी तयारी होती.

"साहेब, तुमी मुद्दाम फोन करून सांगलात," तो म्हणाला. "इल्यापासून माका झोप नाय होती. लय उपकार झाले तुमचे."

परत येण्याचं बघू म्हणाला, आधी समिधाचं लग्न होऊ दे. पुन्हा एकदा उपकार मानले. आणि मी, तोंडात बसलेली सवय, "असू दे, असू दे" म्हणालो आणि फोन ठेवला.